पोलेंगचं पोट आणि दारातला कांदा

कुत्र्याला तूप पचत नाही म्हणतात. मेन रेनिकच्या पोलेंगला साधा भातही पचत नव्हता. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचं, झुपकेदार शेपटीचं देखणं जनावर. संत्र्याच्या मळ्यात परकं पाऊल वाजलं तर अख्खा डोंगर जागा करील. पण दोन वर्षं झाली, पोट म्हणजे फुटका पाट. मेन रेनिक सकाळी आधी राखेचं टोपलं उचलायची आणि मग चूल पेटवायची.

आमच्या डोंगरात बाईबाप्याला लेकराच्या नावाने हाक मारतात. मेन म्हणजे आई, नांग म्हणजे बाप. तर रेनिकचा बाप, नांग रेनिक, तसा गरीब माणूस. पण मागच्या ओडालनला, म्हणजे घरच्या देवळाच्या उत्सवाला, पुजारी जेरो मांकू तीर्थाचं भांडं घेऊन अंगणातून निघाले आणि त्यांचा पाय पडू नये तिथे पडला. ते परत अंघोळीला गेले, मुहूर्त टळला, आणि पाहुणे जेवताना दुसरं काही बोलेचनात. तेव्हापासून नांग रेनिकने ते मनात धरलं. पुढचा ओडालन तोंडावर आला तसा एका सकाळी तो अंगण धुता धुता बायकोला म्हणाला, "तवर ह्याचं पोट बांधलं गेलं तर ठीक. न्हाईतर त्याच सकाळी पोतंवाल्याच्या हवाली करनार. मग रडायचं न्हाई."

पोतंवाला म्हणजे खालच्या गावातून मोटारसायकलवर कुत्री न्यायला येणारा माणूस. कशाला नेतो ते कुणी विचारत नाही. त्याच्या पोत्यात गेलेलं कुत्रं पुन्हा भुंकलेलं आम्ही कधी ऐकलं नाही.

मेन रेनिक रडणारी बाई नव्हे, खटपटी बाई. गल्लीतल्या एकूण एक बाईने तिला औषध सांगितलं. मीही पेरूच्या पाल्याचा रस सांगितला, सांगायला काय जातं! तिने पाला वाटला, करवंटीचा कोळसा कुटला, हळद घालून भोपळा उकडला. पोलेंग एकदा वास घ्यायचा आणि सावत्र आईने वाढल्यासारखा तोंड फिरवून जायचा.

मग रेबीजची सुई टोचायला डॉक्टरीणबाई आली, तिला मेन रेनिकने गाठलं. बाईने विचारलं, हा दिवसभर खातो काय? मेन रेनिक सांगत गेली, आणि सेगेहानचं नाव निघताच बाईने हात वर केला. हळद, भोपळा थोडाथोडा चालेल म्हणाली, पण सेगेहानातला कांदा आणि दारू आधी बंद. कांदा कुत्र्याला विष.

सेगेहान आम्ही बायका संध्याकाळी दारात भुईवर मांडतो, भुतांसाठी. केळीच्या पानावर चिमूटचिमूट रंगीत भात, पिवळा हळदीचा, काळा कोळशाचा. शेजारी आलं, मीठ, कांद्याची फोड, वरून थोडी दारू. भुतं वास खाऊन जातात, उरलं ते ज्याने आधी गाठलं त्याचं. आमच्या गल्लीत आधी गाठायचा तो पोलेंगच.

मेन रेनिकच्या डोक्यात उजेड पडला. हळद, कोळसा, आलं, सगळं औषध दारोदार मांडलेलंच आहे आणि हातातलं न खाणारं हे बेणं चोरून मिटक्या मारत खातंय. खोट आहे ती कांद्याची आणि दारूची. तिने आपल्या दारातल्या पिवळ्या भातात भोपळा कालवला, दारू पानाबाहेर ओतली आणि भुतांचं खाऊन झालं असेल असं बघून कांदा उचलून घेतला.

पण पोलेंग काय एका दारावर जेवणारा होता? ती घरोघर सांगत फिरली, बायांनो, पूजा झाली की कांदा तेवढा उचला. सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्याने हसली तिची थोरली जाऊ, समोरच्या घरातली मेन सुवेता. "भुतांच्या फुडचा घास काढायचा, तो बी तुझ्या कुत्र्याच्या ढुंगनापायी? उद्या भुतं माझ्या कोंबड्या नेतील, मग तू अंडी घालशील का?"

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत नवल सुरू झालं. ज्या दारात कांदा, त्या दारात सकाळी घाण. ज्या बाईने कांदा उचलला तिचं दार लख्ख. बायका कुजबुजू लागल्या, शिळ्या कांद्यावर भुतं रागावली बहुतेक. मेन रेनिक नुसती मान हलवायची.

मला ठाऊक होतं. पहाटे पाण्याला जाताना मी तिला पोफळीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद देठावर, काहीतरी घेऊन हळूच गल्ली ओलांडताना पाहिलं होतं. मी कुणाला बोलले नाही. एवढी करमणूक आपल्या हाताने कोण घालवेल? मी आपला माझा कांदा मुकाट्याने उचलला.

बघता बघता सगळ्या गल्लीने कांदे उचलले. राहिली एकटी मेन सुवेता. ती हट्टाने कांदा ठेवायची आणि पोलेंग आला की खराटा घेऊन धावायची. म्हणजे त्याचं पथ्य तीही सांभाळत होती, फक्त तिला पत्ता नव्हता.

पोलेंगचं पोट सुधारलं. बरगड्या बुजल्या, केसांवर चमक आली. पण नवऱ्याला पटवायचं कसं? सगळा पुरावा मेन रेनिक पहाटेच उचलून दुसऱ्याच्या दारात टाकून येत होती. नांग रेनिक म्हणायचा, अंगण साफ दिसतं ते तू पुसतेस म्हणून, मला काय खुळा समजतेस? आणि ती बिचारी खरं सांगणार कुठल्या तोंडाने.

ओडालनच्या आदल्या संध्याकाळी त्याने पोलेंगला स्वतःच्या हाताने डुकराच्या खोपीमागे बांधलं आणि पोतंवाल्याला निरोप धाडला. मेन रेनिक पहाटे मागे गेली. नवऱ्याला आज तरी दाखवावं एवढं तिला सुचायला हवं होतं. पण डोळे रडून सुजलेले, त्यात समोरच्या दारात मेन सुवेताचा कांदा डोळे टवकारून बसलेला. सवयीने हात चालला आणि विरी तिथेच रिकामी झाली.

ऊन वर आलं. जेरो मांकू आले, पाहुणे आले, पोतंवालाही दाराशी गाडी लावून बसला. नांग रेनिक दावं सोडायला उठणार, तेवढ्यात मेन सुवेता तरातरा आली. हातात जुनं सूप. उंबऱ्याबाहेरच थांबून तिने ते पुढे केलं.

"भावजी, कुत्रं रातभर तुमीच बांधलं व्हतं ना? मग हे माझ्या दारात काय चालत आलं?"

सगळे सुपात वाकले. मेन रेनिकचा चेहरा पांढरा पडला. नांग रेनिक पुढे सरकला. मग काडी घेऊन त्याने दाबून पाहिलं. काडी मोडली.

"वहिनी, हे पोलेंगचं?"

"पोलेंगचंच. गल्लीत दुसरं कुत्रं हाय कुठं?"

"इतकं घट्ट?"

"दगड हाय दगड! आन् आजचंच न्हाई, कवापासनं असंच येतंय. खराट्यानं निघत न्हाई, उचलून टाकावं लागतंय. देवाच्या दारात सांगते, मांकूंच्या म्होरं सांगते, यात एक शब्द खोटा असंल तर जीभ झडंल माझी."

मांकूंनी गंभीरपणे मान हलवली. देवाच्या दारातली साक्ष, तीही मेन सुवेताची. आयुष्यात तिने कधी जावेच्या बाजूने ब्र काढला नव्हता, तेव्हा खोटी असण्याचा प्रश्नच नव्हता. नांग रेनिकने काडी टाकली, हात धुतले, बायकोकडे एकदा बघितलं आणि पोतंवाल्याला आत बोलावून जेवायला बसवलं. पोतं गाडीवरच राहिलं.

मेन सुवेता सूप धरून तशीच उभी. आपण काय पकडून दिलं आणि काय सोडवून दिलं, हे तिला आत्ता कुठे उमगत होतं. मेन रेनिक तिच्याजवळ गेली आणि सूप आपल्या हातात घेतलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते अगदी खरं होतं.

"म्बोक," थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारून ती म्हणाली, "तुमी व्हता म्हनून माझा पोलेंग वाचला."

मेन सुवेताला उभ्या जन्मात एवढी मोठी शिवी कुणी दिली नव्हती.