ठणठणीत

आमच्या प्रयोगशाळेत एका नळीवर नेहमी ‘ठणठणीत’ असं लिहिलेलं असतं आणि तिच्यात माझं रक्त असतं. आजाऱ्यांचं रक्त तपासायचं तर ताडून बघायला शेजारी एक निरोगी रक्त लागतंच. त्यासाठी रोज कुणाच्या पाया पडायचं? मी बाही वर करते, सहायिका सुई टोचते, काम भागतं.

यकृत बदललेल्या माणसाला नवं यकृत टिकावं म्हणून जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्याच गोळ्या कधीकधी हळूहळू मूत्रपिंडं खातात. ते वेळेत कळावं म्हणून मी रक्ताची एक नवी चाचणी बसवते आहे. माझ्या धाकट्या भावाला ती मिळायला उशीर झाला. त्याचं नवं यकृत छान चाललंय, पण दोन्ही मूत्रपिंडं गेली. आमचा रक्तगट जुळतो. लवकरच माझ्या तपासण्या होणार होत्या आणि मग माझी एक किडनी त्याला. आम्ही दोघंच भावंडं, तिसरं कुणी नाही.

“तायडे, चांगलीशी निवडून दे हं,” तो म्हणाला होता. “लहानपणी मला किडकी बोरं द्यायचीस, तसलं काही नको.”

“मिळेल ती गुपचूप घे,” मी म्हटलं होतं.

आणि ऐन वेळी चाचणी रुसली. आजाऱ्यांचे आकडे ठीक, पण ‘ठणठणीत’चा आकडाही त्यांच्याच रांगेत जाऊन उभा. नवी रसायनं आणली, यंत्र उघडून पुसलं, तरी तेच. माझा स्वभाव मुळातच तापट. मी सहायिकेवर घसरले.

“नळ्यांची अदलाबदल केलीस तू.”

“नाही हो मॅडम. यंत्रच बिघडलंय.”

“नाचता येईना, अंगण वाकडं! आण हात इकडे. आज तुझंच रक्त ‘ठणठणीत’ म्हणून घालू.”

बिचारीनं मुकाट्यानं बाही वर केली. दुपारी आकडा आला, अगदी हवा तिथे. मी आनंदानं टाळीच वाजवली.

“बघ! यंत्र बरोबर आहे, चाचणी बरोबर आहे, सगळं बरोबर आहे!”

“म्हणजे मी सुटले ना?” तीही हसली.

“सुटलीस,” म्हणत मी जुनी नळी फेकायला उचलली आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं ‘ठणठणीत’ वाचलं. यंत्र बरोबर होतं. चाचणी बरोबर होती. मग चूक कुठे होती?

मी स्टुलावर बसले आणि खाली पाहिलं. चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ सुजलेल्या पावलावर उठला होता. किती दिवस पाय सुजत होते आणि मी उभ्यानं काम करण्यावर खापर फोडत होते. लोकांची मूत्रपिंडं तपासण्यात उभी हयात घातलेली बाई मी! मला स्वतःचा इतका संताप आला की रडूही येईना.

खाली हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मूत्रपिंडं किती चालतात ते सांगणारी साधी क्रिएटिनिनची तपासणी करून घेतली आणि कागद घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हा पेशंट अजून घरी कसा? आहे कोण?”

“मी.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

भाऊ डायलिसिसला आला होता. हाताला नळ्या लावून खुर्चीत आरामात पसरला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

“वा! किडनी द्यायची नव्हती तर सरळ सांगायचंस,” तो म्हणाला. “एवढं नाटक कशाला?”

त्याच्या थट्टेला मी कधी टोला दिल्याशिवाय राहिलेली नाही. आज नुसतीच बघत राहिले. त्याचं हसू गेलं. तो उठायला लागला, तशी नर्स ओरडली, “हात हलवू नका!”

तो परत मागे टेकला. मग अगदी लहान आवाजात म्हणाला, “तायडे, आता तुला कोण देणार?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यात बसले.

“मॅडम, ती पेशंटची खुर्ची आहे,” नर्स म्हणाली.

“माहीत आहे,” मी म्हटलं.