न मारलेली उडी

गुडघ्यावरच्या पट्टीचा एक धागा सुटला होता, आणि तो ओढला तर सगळी पट्टी उसवेल हे माहीत असूनही संघातली तोफ तो बोटाभोवती गुंडाळत बसली होती — कारण मान वर केली की समोर पहिल्या रांगेत बाबा दिसत होते. तोंडावर मास्क, मांडीवर घडी केलेली शाल, शेजारी आई. आजारपणाने गांजलेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्यांवर.

त्या खुर्च्या सकाळी तिनेच मांडल्या होत्या, पाठींना निळ्या फिती बांधल्या होत्या. कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघाचा मदत-सामना म्हणून तिने गल्लोगल्ली पोस्टरं चिकटवली, दुकानदारांच्या डोक्यावर बसून तिकिटं खपवली, आणि सगळा वेळ तिला वाटत होतं की हे कुणा दुसऱ्यांसाठी चाललंय... आपण नुसत्या खेळणाऱ्या.

इथे ती तोफ होती. तिच्या स्मॅशवरून पोरींनी पाडलेलं नाव. घरी बाबांची थकलेली मूत्रपिंडं, हॉस्पिटलच्या खेपा, संध्याकाळी त्यांच्याशी बुद्धिबळ खेळताना त्यांचा वजीर आयता सापडला तरी न दिसल्यासारखं करणं, जिन्यात भेटणाऱ्या बायकांचं ते मऊ हसू, 'बिचारी पोर' — हे सगळं मैदानाच्या फाटकाबाहेर ठेवायचं आणि आत यायचं. आत कुणालाच ठाऊक नव्हतं. एका सेटरला सोडून. सेटर तिला चेंडू उचलून देणारी. पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करायची, आणि तोफ विचार न करता झेप घ्यायची. ज्या बोटांवर आपण डोळे मिटून भरवसा ठेवतो, त्या मुलीच्या शब्दावर का नाही ठेवायचा? म्हणून सांगितलं होतं एकदा, कपडे बदलायच्या खोलीत, नळ सोडून ठेवून... कुणाला बोलू नकोस. नाही बोलणार, म्हणाली होती.

मधल्या विश्रांतीत तोफ पाण्याच्या पिंपापाशी तिला गाठून म्हणाली, "तू घरी गेली होतीस?"

"बोलवायला गेले होते. काका किती खूश झाले माहितीये? म्हणाले, आमची पोरगी आम्हाला कधी सामन्याला बोलवतच नाही."

"आणि संघातल्या पोरींना सांगितलंस?"

सेटर बाटलीचं झाकण फिरवत राहिली. घट्ट बसलेलं झाकण.

म्हणजे सगळ्यांना. तोफेला वाटलं तिच्या कानाखाली एक द्यावी, पण शिट्टी झाली आणि पाय सवयीने मैदानात गेले. पायांना काय, त्यांना लाज नसते.

शेवटच्या सेटमध्ये शेवटचा गुण. जाळीपलीकडे जिराफ — दुसऱ्या कॉलेजची, ताडमाड, तोफेची दोन वर्षांची हाडवैरी. तिच्या हातांवर आपटून परत आलेले चेंडू तोफेला झोपेतही दिसत. सेटरची बोटं पाठीमागे हलली. उंच, डावीकडे. चेंडू ताटात वाढल्यासारखा वर आला, तोफ उडाली, आणि हवेत असतानाच तिला दिसलं... जिराफ जमिनीवर होती. हात खाली. बघत होती नुसती.

चेंडू रिकाम्या जागी पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. जाळीखालून जिराफने हात पुढे केला आणि हसली — तेच हसू, जिन्यातल्या बायकांचं. अगं, तू तरी! तू माझी दुश्मन होतीस, हक्काची. माझ्या घरचं जाळीपलीकडेसुद्धा पोचवलं सेटरने, विकून टाकलं मला. सेटरने धावत येऊन मिठी मारली. तिचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते हेच जास्त भयंकर होतं. तोफेने ती मिठी सोडवली नाही. आपले हातही उचलले नाहीत.

नंतर आई पिशवी घेऊन रिक्षा बघायला पुढे गेली आणि तोफ बाबांच्या कोपराखाली हात घालून फाटकाकडे निघाली, त्यांच्या पावलाने, सावकाश. टाळ्या वाजवून त्यांचे तळवे लाल झाले होते. निदान हे तरी खूश आहेत, तिने मनाला समजावलं. यांना काय कळतंय खेळातलं.

"ती उंच मुलगी," बाबा म्हणाले, "तिने उडी का नाही मारली गं?"

"दमली असेल."

"हं."

फाटकापाशी ते दम घ्यायला थांबले. मास्कच्या वर त्यांचे डोळे मैदानाकडे लागले होते, जिथे पोरी निळ्या फिती सोडत होत्या.

"संध्याकाळी डाव मांडू," ते म्हणाले. "आज मात्र वजीर सापडला तर मार."

म्हणजे कधीपासून कळत होतं यांना? रोज? रोज जिंकून, सोंगट्या डबीत भरताना ते हसायचे, ते कुणासाठी? सेटरचा राग अजून तसाच होता, गरम. पण आता तो एकट्या सेटरवर मावत नव्हता. रिक्षातून आई हाका मारत होती. बाबांनी पाऊल उचललं, आणि तोफेने त्यांच्या कोपराखालचा हात, काढला नाही, थोडा सैल केला.