सगळेच ॲडमिन

लायब्ररीत कुणालाही गप्प बसवणाऱ्या ताईला नातेवाइकांना मात्र नाही म्हणता येत नसे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. घरच्यांसाठी सुरू केलेल्या गेम सर्व्हरवर तिने मागेल त्याला ॲडमिन केलं, आणि महिन्याभरात नऊ खेळाडूंपैकी आठ ॲडमिन होऊन बसले. कुणी हवेत उडे, कुणी मनात येईल तेव्हा पाऊस पाडे.

साधा खेळाडू उरला एकटा मामा. त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, आणि खेळातल्या नदीवर तो एकेक दगड ठेवत पूल बांधत होता. दुखणं विसरायला तेवढाच आधार. मग मावशीच्या जावयाने प्रेमापोटी ॲडमिनची एक कमांड टाइप करून उरलेला पूल क्षणात पुरा करून टाकला.

"छान झालाय," मामा म्हणाला. "आता माझं काय काम?"

त्यानंतर चार दिवस तो खेळायला आला नाही. फोनवरही नुसतं हूं-हूं.

ताईने सगळ्यांचे अधिकार काढायचं ठरवलं. कुणी पक्षपात म्हणू नये म्हणून सुरुवात ॲडमिनच्या यादीतल्या स्वतःच्या नावापासून केली. नाव काढल्यावर लक्षात आलं, की आता दुसऱ्याचं नाव काढायचा अधिकारच तिच्याकडे उरला नाही. एवढी पुस्तकं हाताळून शहाणपण कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

मग एकेकाला फोन करून हातापाया पडणं आलं. जावयाने ओशाळून आपण पुरा केलेला पुलाचा भाग पाडला, आपलं नावही काढलं. सासूबाईंचं काढायची मात्र त्याची छाती झाली नाही. बाकीचेही कुरकुरत उतरले. अडून बसली ती मावशी.

"मी रात्र होऊ देत नाही, त्यासाठी तर मला ॲडमिन राहायचंय," ती म्हणाली. "अंधारात मला स्क्रीनवर काही दिसत नाही. मग मी तुमच्यात खेळू कशी?"

ताईने मामालाही फोनवर घेतलं आणि सगळं सांगितलं.

"अक्का," तो मोठ्या बहिणीला म्हणाला, "होऊ दे रात्र. मी पुलावर मशाली लावतो."

"किती लावशील?"

"तुला दिसेपर्यंत."

मावशीने आपलं नाव काढलं. खेळात कितीतरी दिवसांनी सूर्य मावळला. मामा नदीवर हजर होता. एक दगड, एक मशाल, पुन्हा एक दगड. त्याच्या मागून मावशी सावकाश चालत होती, "अजून एक लाव रे" म्हणत.