राहीबाईंच्या गुडघ्यावर लाह्यांची पिशवी

राहीबाईंचा गुडघा दुखावला तो सुनेच्या ओरडण्यानं. लहानग्या करणनं बटण गिळलं म्हणून त्याच्या आईनं, आरतीनं, घर डोक्यावर घेतलं आणि सासूबाई ओसरीवरून धावत सुटल्या. बटण पोराच्या मुठीत सापडलं. गुडघा मात्र टम्म सुजला.

आणि कधी, तर नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी. संध्याकाळी मारुतीच्या पारापुढं बायका फेर धरणार होत्या, आणि तिसगावात फेराचं पहिलं गाणं अठ्ठावीस वर्षं राहीबाईच उचलत आल्या होत्या.

"अवंदा बसून टाळ्या वाजवीन," त्या म्हणाल्या.

आरती बीएस्सी झालेली सून. आपल्यापायी गुडघा गेला म्हटल्यावर स्वस्थ कशी बसणार? मोबाईलवर तीन व्हिडिओ बघून, त्यातलं काय काय उलटू शकतं त्याचाही विचार करून ती कामाला लागली.

आधी थंड पॅक. प्लास्टिकच्या दोन जाड पिशव्या एकात एक घालून तिनं मिठाचं पाणी भरलं, घट्ट गाठ मारली, फ्रीजरमध्ये ठेवली. मिठामुळं पाण्याचा दगड झाला नाही, भुसभुशीत गोळा झाला. तो टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं लावला.

"गुडघा हाय का कुल्फी?" राहीबाईंनी विचारलं.

दुपारपर्यंत सूज बरीच उतरली, पण पाय आखडलेला तो आखडलेलाच. म्हणजे आता शेक. सासऱ्यांच्या जुन्या धोतराची आरतीनं चौकोनी पिशवी शिवली. आत धान्य हवं. स्वयंपाकघरात फडक्यात बांधलेली ज्वारी आयतीच मिळाली. हाताला जराशी दमट लागली, तेव्हा सासूबाईंनी धुऊन ठेवली असावी म्हणून तिला बरंच वाटलं. आरती राहात्याची, माहेरी ऊस न् गहू. इकडं पंचमीच्या लाह्या फोडायच्या आदल्या रात्री ज्वारी उकळत्या पाण्यातून काढून बांधून ठेवतात, हे तिला कोण सांगणार?

लग्नात आलेला मायक्रोवेव्ह आजवर फक्त करणचं दूध कोमट करत होता. तिनं पिशवी आत ठेवली, दोन मिनिटं लावली.

आधी एक ताड. मग ताडताड. मग आतमध्ये कुणीतरी लवंगी फटाक्यांची माळच लावली. पिशवी फिरता फिरता फुगली, दिवस भरलेल्या बाईसारखी गोल झाली. आरतीनं करणला उचललं आणि अंगणात पळाली. घरात स्फोट होतोय, आत्या, बाहेर या, असं सासूबाईंना तिथूनच सांगू लागली.

राहीबाई बाजेवरून हलल्या नाहीत. नाक वर करून त्यांनी वास घेतला.

"लाह्या हायेत त्या. बटण बंद कर, न्हाईतर करपतील."

पिशवी बाहेर आली तेव्हा एका कोपऱ्याची शिवण उसवली होती आणि तिथून पांढरीशुभ्र लाही डोकावत होती. राहीबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आरतीनं तीनदा मनगटाला लावून चटका बसत नाही ना ते पाहिलं, मग पिशवी गुडघ्यावर ठेवली. कापसासारखी हलकी, ऊन ऊन. राहीबाईंनी डोळे मिटले. पंधरा मिनिटांनी पाय लांब करून बघितला, दुमडून बघितला, आणि म्हणाल्या, "बांध दुपट्यानं. असंच जायचं."

पारापाशी बायकांनी विचारलं, हे काय बांधलंय. राहीबाईंनी शास्त्रीय उपचार असं गंभीर तोंड करून सांगितलं, नऊवारीचा काष्टा सावरला आणि गाणं उचललं. दर पावलाला उसवलेल्या कोपऱ्यातून दोन-चार लाह्या गळायच्या. कुणाच्या तरी कोंबड्या आल्या, आणि फेराच्या आत कोंबड्यांचा दुसरा फेर सुरू झाला. बायकांना गाता येईना की हसू आवरेना.

तिसऱ्या गाण्याला दुपट्याची गाठ सुटली. पिशवी मातीत पडली. राहीबाईंना पत्ता नव्हता. दोन्ही हात वर, दोन्ही गुडघे लवत होते.

पिशवी पडली, हे मागंच फेरात असलेल्या आरतीच्या जिभेवर आलं होतं. तिनं कडेवरच्या करणला सावरत वाकून पिशवी उचलली. ती केव्हाच गार झाली होती. आरतीनं ती मुकाट्यानं काखेत मारली आणि फेरात पुढचं पाऊल टाकलं.