पहिल्या हंड्याचा वाडगा

सोयाबीनचं दूध उकळून चुलीवरून उतरलं की पहिल्या हंड्यातलं एक वाडगाभर काढायचं, आणि निवळी जो ओतणार असेल त्यानं ते संपवायचं. थोआबाईंच्या घरातली ही रीत त्यांच्या सासूबाईंपासूनची. नुसतं घोटभर चाखून भागत नाही. दूध दाट की पातळ हे पहिल्या घोटाला कळतं. पण दाणे नवे की जुने, किती भिजले, किती वाटले, हे वाडग्याचा तळ दिसू लागतो तेव्हा कळतं, असं सासूबाई म्हणत. त्यावरून निवळी किती लागेल हे ठरायचं. निवळी म्हणजे आदल्या दिवशी टोफू दाबताना गळालेलं पाणी, मडक्यात ठेवून आंबवलेलं. ती जास्त पडली की टोफू भरभरीत होतो, कमी पडली की दूध धरतच नाही. म्हणून ती ओगराळ्यानं, बारीक धारेनं, हात हलू न देता ओतावी लागते.

ते ओगराळं बत्तीस वर्षं थोआबाईंच्या हातात होतं.

आदल्या शरदात त्यांच्या गळ्यातली गाठ काढली आणि गाठीबरोबर थायरॉइडची ग्रंथीही काढली. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर ख्वे वयानं त्यांच्या सुनेएवढ्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. "मावशी, ग्रंथी जे काम करायची ते आता ही गोळी करणार. सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. जन्मभर."

जन्मभराचं थोआबाईंना काही वाटलं नाही. टोफूही जन्मभराचाच होता.

त्या पहाटे चारला उठत, गोळी पाण्याबरोबर घेत, चूल पेटवत. साडेचारला पहिला हंडा उतरे. सहा वाजता दाय नदीच्या बंधाऱ्यावर उजाडलं की टोफूच्या वड्या फडक्यातून सोडवून पाटावर मांडत आणि मग पहिला घास खात. हे सगळं जागच्या जागी होतं. तरीही हिवाळ्यात त्यांना थंडी इतकी वाजू लागली की चुलीपुढे बसूनही पाय गार राहत. चेहरा सुजला. आवाज घोगरा झाला. पायऱ्या चढताना मध्येच थांबून, आपण वर कशासाठी निघालो होतो हे आठवावं लागे.

डॉक्टर ख्वेंनी रक्त तपासलं, कागदाकडे बघून भुवया आवळल्या. "गोळी चुकवता का?"

"एकही दिवस नाही."

"रिकाम्या पोटीच घेता ना?"

"सहा वाजेपर्यंत तोंडात दाणा जात नाही."

पंचाहत्तर मायक्रोग्रॅमच्या गोळीची शंभराची झाली. पुढच्या खेपेला पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. शंभराची सव्वाशेची झाली. चांद्र वर्षाच्या सहाव्या महिन्याच्या सुरुवातीला दीडशेची. "एवढ्या वजनाच्या बाईला एवढी लागायला नको," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "पण लागतेय खरी."

त्याच आठवड्यात टोफू दाबायचा दगड थोआबाईंच्या हातून निसटला. पायावर पडला नाही एवढंच. सून दिएप धावत आली.

"आई, तुम्ही जरा उशिरा उठत जा. पहिला हंडा मी करते."

"तुला येतो?"

"सात वर्षं बघतेय. बघून काहीतरी आलं असेलच की."

थोआबाई नाही म्हणाल्या असत्या, पण नाही म्हणायलाही जोर लागतो. पहिला हंडा दिएपकडे गेला आणि रीतीप्रमाणे वाडगाही गेला. थोआबाई पाचला उठून गोळी घेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या हंड्यापासून काम धरत. त्यांना वाडगा नसे. दाणे तेच, भिजणं तेच, त्यामुळे पहिल्या हंड्याचं माप पुढे चालत असे.

तीन आठवड्यांत थंडी गेली. चेहऱ्याची सूज उतरली. चौथ्या आठवड्यात थोआबाईंना उकडू लागलं. छातीत कोणी दाणे कांडत असल्यासारखं धडधडे. झोप तुटायची. एका गिऱ्हाइकानं वडी बोटानं दाबून पाहिली म्हणून त्यांनी तिच्या हातातून ती ओढून घेतली. आणि हात थरथरू लागला. थरथर बारीक होती, चहाचा पेला उचलताना दिसेल न दिसेल इतकी. पण ओगराळ्याची दांडी हातभर लांब. मुठीतली बारीक थरथर टोकाला पोचेपर्यंत मोठी होते. धार तुटून निवळी भसकन पडे. हंड्यात मऊ साका धरण्याऐवजी कण कण व्हायचे.

शेजारची म्येन तांदळाच्या शेवयांबरोबर तळलेला टोफू विकत असे. एक दिवस ती कढईसकट दारात आली. तेलात चुरा तरंगत होता.

"थोआ, हा टोफू आहे का पेज? चॉपस्टिकनं उचलायला गेले तर बुडून मेला."

"तुझं तेल तापलं नसेल."

"वीस वर्षं माझं तेल तापत होतं, आजच थंड झालं होय? तुझा हात दाखव."

थोआबाईंनी हात पाठीमागे नेला. म्येनची थट्टा तिथेच थांबली. ती कढई घेऊन परत गेली, आणि थोआबाईंना ते चुऱ्यापेक्षा जास्त लागलं.

सातव्या महिन्याची पौर्णिमा नऊ दिवसांवर होती. त्या दिवशी गाव मांस-मासळी शिवत नाही, गेलेल्या माणसांपुढे ताटं मांडतात आणि पॅगोड्यातल्या भिक्षुणी थोआबाईंच्या घरच्या तीनशे वड्या नेतात. सासूबाईंच्या काळापासून यात खंड नव्हता. थोआबाईंनी मनाशी ठरवलं: हात गेला. ग्रंथी काढली तेव्हा तिच्याबरोबर तोही गेला असेल, कळायला वर्ष लागलं एवढंच.

"दिएप," त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पौर्णिमेला सगळे हंडे तू ओत. आणि त्यानंतरही तूच."

दिएपचे हात चोथ्यानं माखले होते. ती तशीच उभी राहिली. "त्यानंतर म्हणजे?"

"म्हणजे त्यानंतर."

"मला नको आई. पहिला हंडा निभतो तो तुम्ही मागून दुसरा करता म्हणून. माझा बिघडला तर तुमचा असतो."

"आता माझाच बिघडतोय. बस इथे."

शिकवणं थोआबाईंना आवडत असे. कोणी शिकायला नव्हतं म्हणून ते आजवर कळलं नव्हतं. त्यांनी दिएपला रिकामं ओगराळं आणि साध्या पाण्याची बादली दिली. "मनगट वळवू नकोस. कोपरातून. धार ऐकू आली तर जाड आहे. ऐकू येऊ देऊ नकोस." दिएपनं अर्धी बादली ओतली. "आता डोळे मिटून." दिएप हसली आणि पाणी पायावर सांडलं. थोआबाई रागावल्या नाहीत. अलीकडे त्या कशावरही रागावत होत्या, पण इथे नाही. "हसण्याआधीची धार बरी होती. पुन्हा."

तिसऱ्या पहाटे पहिला हंडा उतरला. दिएपनं वाडगा तोंडाला लावला, निम्मा प्यायली, थांबली.

"संपव."

"संपवते हो. पण हे रोजचं जड जातं आई. एवढं दूध पोटात गेलं की पोट टम्म होतं. दहा वाजेपर्यंत मला भाताकडे बघवत नाही. इतकी वर्षं तुम्ही हे पिऊन वर सहाला जेवायचात कशा?"

दिएपनं वाडगा संपवून खाली ठेवला. थोआबाई त्या वाडग्याकडे बघत राहिल्या. मोठा वाडगा होता, निळ्या काठाचा. गोळी चारला. वाडगा साडेचारला. डॉक्टर अकरा महिने विचारत होत्या, पोट रिकामं असतं ना? आणि त्यांनी अकरा महिने खरं तेच सांगितलं होतं. खाणं सहाला होई. साडेचारचा वाडगा हे काम होतं, जसं दाणे निवडणं काम, फडकं पिळणं काम. कामानं पोट भरतं असं कोण म्हणेल?

तपासणीला अजून आठ दिवस होते. त्या थांबल्या नाहीत, सकाळच्या बसनंच गेल्या.

डॉक्टर ख्वेंनी सगळं ऐकलं. पेन खाली ठेवलं. "मावशी, मी दर वेळी विचारत होते!"

"तुम्ही खाण्याचं विचारलंत. ते चाखणं होतं."

"वाडगाभर?"

"वाडगाभर."

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते फायलीत तोंड घालून लपवलं. मग त्यांनी कागदावर एक पोट काढलं आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. सोयाबीनचं दूध गोळीला पोटात अडवून धरतं, अंगात जाऊ देत नाही. दूध होतं तोवर निम्मी गोळी वायाच जात होती, म्हणून आकडा चढत गेला. मग वाडगा दिएपकडे गेला आणि दीडशे पूर्ण लागू लागले. थरथर, धडधड, उकाडा, सगळं त्या जास्तीच्या औषधाचं. "उद्यापासून पुन्हा शंभर."

"हात?"

"परत येईल."

"पौर्णिमेपर्यंत?"

डॉक्टरांनी कॅलेंडर पाहिलं. "नाही. हे औषध सावकाश चढतं आणि सावकाशच उतरतं. सहा आठवडे धरा."

पौर्णिमेच्या पहाटे थोआबाई चुलीपाशी ठोकळ्यावर बसल्या, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. दिएपनं वाडगा संपवला, तोंड पुसलं, ओगराळं उचललं. धार ऐकू आली नाही. दुसऱ्या हंड्याला थोडी घाई झाली. थोआबाईंचा उजवा हात मांडीखालून निघाला आणि पुन्हा आत गेला. दिएपनं ते पाहिलं आणि स्वतःच थांबली, चार श्वास घेतले, मग उरलेली निवळी सोडली. नऊ हंडे झाले. त्यातला एक म्येनला पेजेसारखा द्यावा लागला. बाकीचे धरले.

थोरल्या भिक्षुणीनं एक वडी तळहातावर झुलवून पाहिली. "यंदा मऊ आहे."

"नवा हात आहे," थोआबाई म्हणाल्या.

"बरंच झालं. आमच्यात दात असलेल्या तिघीच उरल्यात."

सहा आठवड्यांनी रक्ताचा कागद बघताना डॉक्टर ख्वेंच्या भुवया हलल्या नाहीत. "सकाळी काय खाल्लंत, काय प्यायलात?" त्यांनी विचारलं, आणि थोआबाईंनी पाण्यापासून ते ओगराळ्याला लागलेला थेंब चाटला होता तिथपर्यंत सगळं सांगितलं. मग त्यांनीच विचारलं, वाडगा पुन्हा घेता येईल का? डॉक्टर म्हणाल्या, गोळी निजताना घेतली तरी चालेल, संध्याकाळच्या जेवणानंतर तीन तास जाऊ द्यायचे. म्हणजे पहाट मोकळी. फक्त वेळ एकदा ठरली की बदलायची नाही, आणि दीड महिन्यानं पुन्हा रक्त दाखवायचं.

दुसऱ्या पहाटे चारला थोआबाई उठल्या तेव्हा दिएपनं चूल पेटवलेली होती. पहिला हंडा उतरला. दिएपनं वाडगा भरून दोन्ही हातांनी पुढे केला.

"घ्या. तुमचा."

अडीच-तीन महिन्यांनी थोआबाईंनी ते दूध तोंडात घेतलं. तळापर्यंत गेल्या. "दाणे जरा कमी भिजलेत. निवळी कमी लागेल." ओगराळं उचललं. दांडीचं टोक हंड्यावर स्थिर राहिलं. धार ऐकू आली नाही. दुधात ढगासारखा साका हळूहळू बसत गेला आणि त्या झाकण ठेवून मागे सरल्या.

"दुसरा हंडा तुझा," त्या म्हणाल्या.

दिएपनं हात पुसले. "माप?"

"माझंच."

"म्हणजे तुम्ही सांगायचं आणि मी ओतायचं. ते तर बादलीतही करत होते."

थोआबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दुसऱ्या हंड्याला वाडगा नसतो, असं त्या म्हणणार होत्या. सासूबाईही तेच म्हणाल्या असत्या. त्या उठल्या, फळीवरून दुसरा वाडगा काढला, फडक्यानं पुसला, आणि दुसऱ्या हंड्यातलं दूध त्यात ओतून दिएपपुढे ठेवला.

"हा जरा लहान आहे," दिएप म्हणाली.

"पोट टम्म होतं म्हणालीस ना. पी."