सोडवून जमा

आज परीक्षा आपली आहे का धाकट्या बहिणीची, कुणालीची, हेच साईनाथला सकाळपासून कळत नव्हतं.

परीक्षा म्हणजे मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत ट्रायल होती. शेतीपंप चालू-बंद करायची पॅनेलं बनवणारी कंपनी. त्यांना वायरमन पाहिजे होते, आणि साईनाथनं ट्रेनिंग सेंटरमधून वायरमनचा कोर्स पुरा केलेला. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यानं शर्टाच्या आत पोटाला लावून ठेवलं होतं, पावसाचा भरवसा नाही म्हणून. इथपर्यंत सगळं सरळ होतं. गुंता बापानं केला.

आदल्या दिवशी जेवताना धाऊ म्हणाला, "तुला घेतला कंपनीत, तर कुणालीला घालू शिवणाच्या कोर्सला. नायतर नको."

"आता माझ्या नोकरीचा आन हिच्या शिवणाचा काय संबंध, बाबा?"

"सेंटर येकच ना? येका पोत्यातलं बी. तू उगवलास तर हिला पेरतो."

"अहो, ती पोरगी हाय, भात नाय," आई गिरजा चुलीपासून म्हणाली.

"मग येकदम दोघांची वर्षं वाया घालवू काय? लावणीला माणूस मिळत नाय, आन आपली दोन्ही पोरं सेंटरात बसवायची?"

कुणाली नुसती भाकरी मोडत राहिली, आणि मोडलेली खाल्ली पण नाही. शिवणाच्या कोर्सचं ॲडमिशन परवा बंद होणार होतं. बारावी नापास झाल्यापासून ती घरात होती आणि घरात तिच्या लग्नाचं बोलणं हळूहळू सुरू झालेलं. कोर्स मिळाला तर ते बोलणं वर्षभर तरी मागं पडणार होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण साईनाथला दिसत होतं.

म्हणून किन्हवलीहून सरळगाव आणि सरळगावहून मुरबाड, जीपमध्ये अर्धा आत अर्धा बाहेर लटकताना, त्याच्या डोक्यात स्टार्टरची डायग्राम राहिली बाजूला, बहिणीची न खाल्लेली भाकरीच येत होती.

कंपनीत ट्रायल घ्यायला देवजी फोरमन होता. कल्याणकडचा माणूस, अंगानं भरलेला, आवाज असा की मशीन चालू असतानाही ऐकू यावा. त्यानं सर्टिफिकेट उलटं-सुलटं बघितलं.

"म्हंजे त्या सेंटरचा तू. तुमच्या तिथली पोरं लय टापटीप रे. एक आलेला मागं, पक्कड वापरली की पुसून ठेवायचा. काम येत नव्हतं, पण पक्कड चकाचक."

साईनाथ हसला. हसायचं होतं का नाही ते त्याला समजलं नाही.

देवजीनं टेबलावर पत्र्याचा रिकामा डबा ठेवला. करंट जोडणारा कॉन्टॅक्टर दिला, लोड वाढला की तो तोडणारा रिले दिला, हिरवं आणि लाल अशी दोन बटणं दिली. "पंपाचा स्टार्टर जोड. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. आरामात कर, घाई नाय."

हे साईनाथला येत होतं. सेंटरमध्ये त्यानं हेच डोळे मिटून केलेलं. तो टेबलाच्या खाली बघायला लागला. मग मागं बघितलं.

"काय हरवलं काय?"

"वायरचे तुकडे कुठं हायत, काका?"

"कसले तुकडे? ती लाल-काळी बंडलं काय दिसत नायत पुढ्यात? काप."

नवीन वायरचं बंडल साईनाथनं आयुष्यात कधी हातात धरलं नव्हतं. गुळगुळीत, चकचकीत, दुकानाचा वास येत होता. किती कापायची? सेंटरमध्ये वायर कापलेलीच मिळायची, जेवढी असेल तेवढ्यात भागवायचं. त्यानं वीतभर मापली, मग वाटलं जास्त होते, मग वाटलं कमी पडेल. शेवटी डोळे बारीक करून कापली एकदाची, आणि देवजी ओरडतो का म्हणून बघितलं. देवजी तंबाखू मळत होता.

एकदा कापाकापी जमली, मग हात सुटले. कुठली वायर कुठून कुठं जाते ते बोटांनाच पाठ होतं. वळणं काटकोनात, दोन वायरी एकमेकींवर चढू न देता. देवजी मध्येच येऊन वाकून बघून गेला. शेवटचा स्क्रू आवळला तेव्हा त्यानं मीटर लावून एकेक जागा तपासली.

"हां. बरोबर हाय. चांगलं केलंस की रे! थांब, साहेबांना घेऊन येतो, ते लाईन देऊन बघतील. इथनं हलू नको."

साईनाथ हलला नाही. जागेवरून अजिबात हलला नाही.

आता सेंटरची रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही.

सेंटर एका संस्थेचं होतं. सर चांगले होते, शिकवायचे पण मनापासून. सामानच नव्हतं. वायरी कुठल्या जुन्या काळी आलेल्या, त्याच चालत होत्या. पोरांनी बोर्डावर वायरिंग करायचं, सरांनी येऊन बघायचं, "बरोबर" म्हणायचं, की लगेच सगळं सोडवायचं. स्क्रू परत जागच्या जागी, वायरी टेबलाच्या पायाला घासून सरळ करायच्या, रंगाप्रमाणे जुड्या बांधायच्या आणि स्टोअरला जमा. जमा झाल्याशिवाय जर्नलवर सही नाही. पुढच्या बॅचला तेच सामान. दरवेळी टोक झिजायचं, कापायला लागायचं, त्यामुळं वायरी दर वर्षी आखूड. साईनाथच्या बॅचपर्यंत इतक्या आखूड झाल्या होत्या की बटण आणि बल्बचा होल्डर शेजारी शेजारी ठोकायला लागायचे. आणि लाईन, म्हणजे वीज? लाईन ऑफिसच्या पंख्याला होती. वर्कशॉपला कनेक्शन यायचंच होतं, ते साईनाथ पास होऊन निघाला तरी यायचंच राहिलं.

म्हणजे जोडायचं, "बरोबर" ऐकायचं, सोडवायचं. दोन वर्षं रोज हेच.

इकडं कंपनीत साहेबांचा फोन लांबला. आणि देवजी तर "बरोबर" म्हणून गेलेला.

साहेब आले तेव्हा डबा रिकामा होता. शेजारी कॉन्टॅक्टर, रिले आणि दोन बटणं ओळीत. वायरी टेबलाच्या पायाला घासून काठीसारख्या सरळ केलेल्या, लाल वेगळ्या, काळ्या वेगळ्या, त्यांना वायरच्याच तुकड्याची गाठ. साईनाथ हात मागं बांधून उभा, सही मिळायची असल्यासारखा.

साहेबांनी देवजीकडे बघितलं. "कुठं आहे जोडलेलं?"

देवजीचं तोंड उघडंच. "अरे! मी... साहेब, आईशपथ, इथं होतं! मीटर लावून बघितलं मी!"

"देवजी, तुमच्या नात्यातला आहे का हा?"

"नाय हो! आजच तोंड बघतोय याचं!" आणि मग साईनाथवर, "काय केलंस रे भल्या माणसा?"

"सोडवलं."

"का?"

साईनाथला हा प्रश्नच कळला नाही. "तुमी बघितलं ना," तो म्हणाला. "बरोबर बोललात."

"बरोबर बोललो म्हणून सोडवलं?"

"हो."

"आन चूक बोललो असतो तर?"

"तर ठेवलं असतं. दुरुस्त करायला."

साहेब तरुणच होते. त्यांना हसू येत होतं का राग, ते त्यांनाच ठरवता येत नसावं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "परत जोड. माझ्यासमोर."

साईनाथनं परत जोडलं. या वेळी पण वळणं तशीच काटकोनात आली. देवजी बाजूला उभा राहून पुटपुटत होता, "आता हात लावू नको. झालं की हात वर कर. वर!" झाल्यावर साईनाथनं खरंच दोन्ही हात वर केले. पलीकडं काम करणाऱ्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

साहेबांनी पंपाची वायर डब्याला लावून लाईन दिली. "दाब हिरवं."

साईनाथनं दाबलं. डब्यात खट्ट झालं आणि भिंतीजवळचा पंप भुंकल्यासारखा आवाज करत सुरू झाला. साईनाथ दचकून मागं सरला, आणि तसाच पुढं येऊन त्यानं लाल दाबलं. पंप बंद.

"बंद का केलंस?"

"चालू झाला."

"चालू व्हायलाच जोडला ना?"

हे बरोबर होतं. साईनाथला पटत पण होतं. पण आपण जोडलेलं काहीतरी चालतं आणि मग चालूच राहतं, त्याला तसंच सोडून आपण निघून जायचं असतं, हे त्यानं कधी केलं नव्हतं. चालू झाल्यावर पुढं काय असतं ते कुठल्या धड्यात नव्हतं.

"देवजी," साहेब म्हणाले, "याला येतं का येत नाही?"

देवजीनं मान खाजवली. "येतं, साहेब. पण येतं असं कसं बोलू? बाहेर कामावर सोडला आन गिऱ्हाइकाकडं जाऊन सोडवून आला तर?"

मग साहेब उठले आणि साईनाथला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथं जळालेल्या, परत आलेल्या पॅनेलांचा ढीग होता. दोन माणसं हातोडीनं ती फोडत होती. चांगले कॉन्टॅक्टर पण फुटत होते, वायरी ओढून तुटत होत्या.

"हे बघ. यातलं निम्मं सामान चांगलं असतं. कुणाला नीट सोडवता येत नाही. तुला येतं. असं कुणी सोडवलेलं मी बघितलं नव्हतं, खरं सांगतो. सोमवारी ये."

"वायरमन म्हणून?"

"हेल्पर म्हणून. वायरिंगचं पुढं बघू."

साईनाथनं मान हलवली. बाहेर आल्यावर देवजीनं पाठीवर थाप मारली. "लागला की रे! तोंड का असं?" साईनाथला स्वतःचं तोंड कसं झालंय ते माहीत नव्हतं. जीपमध्ये बसल्यावर एकदा वाटलं आपण पास झालो. सरळगाव येईपर्यंत वाटलं नापास झालो. किन्हवलीला उतरला तेव्हा दोन्ही खरं वाटत होतं आणि घर जवळ आलं होतं.

धाऊ शेतातून येऊन पाय धूत होता. "काय झालं? घेतला?"

"घेतला."

"गिरजे, ऐकलंस का? घेतला पोराला!" धाऊ ओल्या पायानंच आत आला. "शिकवलेल्याच कामावर ना?"

इथं साईनाथ अडकला. हो म्हटलं तरी खोटं नव्हतं, नाही म्हटलं तरी नव्हतं. म्हणून त्यानं सगळंच सांगितलं. गिरजा आधी हसली, मग पोराच्या तोंडाकडं बघून थांबली. धाऊ मात्र भिंतीला टेकून बसला.

"थांब थांब. जोडायला शिकवतात म्हणून मी तुला घातला."

"हो."

"आन तुला लावलं सोडवायला."

"हो."

"मग त्यांनी शिकवलं का नाय शिकवलं?"

"शिकवलं ना, बाबा. सोडवायचं पण तेच शिकवत होते. जोडायचं पण येतं. पंप चालू झाला की!"

"मग जोडायला का नाय घेतला?"

"ते मला पण नाय कळलं."

धाऊनं विडी काढली, पेटवली नाही. "आता मी हिला घालू का नको? येक काय ते बोल. उद्याचाच दिवस हाय."

कुणाली दारात उभी होती. साईनाथनं तिच्याकडं बघितलं. घाला म्हणावं तर तिचं पण असंच व्हायचं. नको म्हणावं तर दिवाळीपर्यंत घरात तिला बघायला पाहुणे यायला लागतील. तो उठून पडवीत गेला.

थोड्या वेळानं कुणाली आली.

"दादा, तिथं शिवणाचं पण तसंच हाय. गावातली जना होती ना मागच्या बॅचला. कापड नाय देत. कागदावर मशीन चालवायची, बिनदोऱ्याची. नुसती भोकं पडतात. भोकांची ओळ सरळ आली की पास."

"तुला माहीत होतं?"

"हो तर."

"मग माझ्या नोकरीची वाट कशाला बघत बसलीस? नको बोलायचं सरळ."

"नको कशाला? मशीन तरी हाय तिथं. आपल्याकडं कुठाय? आईच्या जुन्या लुगड्यांचं कापड हाय, दोरा मी माझा नेईन."

साईनाथ तिच्याकडं बघतच राहिला. "नेऊ देतील आत?"

"नाय देणार तर बघू."

आपली वायर आपण न्यावी हे दोन वर्षांत त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. नेली असती तरी लाईन कुठून आणली असती? आणि सर ओरडले असते का, का सरांना बरंच वाटलं असतं? तो विचार करत राहिला तोवर कुणाली आत गेली.

"बाबा, मी सकाळी जाते ॲडमिशनला."

"कोण बोललं?"

"दादाच बोलला, जा म्हणून."

साईनाथ असं काहीच बोलला नव्हता. धाऊनं आतूनच हाक मारली, "काय रे, खरं काय?"

साईनाथ पडवीतून दारापर्यंत आला.

"हो, बाबा," तो म्हणाला. "जाऊ दे तिला."