तीनशे सतरा नंबरची रायफल

चर्चचं छप्पर दुरुस्त करताना माळ्यावर मेणकापडात गुंडाळलेली रायफल सापडली आणि पाद्रीबाबांनी ती बोगुमिलच्या दुकानात आणून टाकली. रायफल कसली, नुसती नळी आणि लाकडी दस्ता. पोटात काही म्हणजे काही नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी पोलंडमधल्या या गावच्या शाळेत मुलांना सैनिकी नेमबाजी शिकवायची रायफल होती ती, नंबर तीनशे सतरा. ती पुन्हा जोडून शाळेच्या कपाटात ठेवायची असं गावानं ठरवलं, पोलिसांची परवानगीही आली.

बोगुमिल कुलूपवाला आणि हट्टी. सुट्या भागांसाठी त्यानं रादोमपासून क्राकूफपर्यंतचे जुने बाजार पालथे घातले. एका संग्राहकानं तर हसत सांगितलं, की अशा रायफली घडवल्याच थोड्या आणि उरलेल्या भट्टीत गेल्या.

तेव्हा कुठे त्याच्या आईनं, लेओकादियानं, तोंड उघडलं. जर्मन आले तेव्हा तिच्या भावानं, वितोल्डनं, शाळेतली ही रायफल सुटी करून एकेक भाग एकेका घरी दिला होता. कोणता भाग कुणाकडे, हे फक्त त्याला ठाऊक.

"गोळीवर आदळते ती फायरिंग पिन मात्र मीच नेऊन दिली, अपोलोनियाला. आणि तिनं ती जर्मनांना दिली," आई म्हणाली. "म्हणून ते सरळ आमच्या दारात आले. ती सोडून बाकीचं शोध."

वितोल्डला नेलं ते कायमचंच. अपोलोनिया आईची शाळेतली, एका बाकावरची मैत्रीण. पन्नासहून जास्त वर्षांत आईनं तिचं नाव घेतलं नव्हतं, आज घेतलं तेही थुंकल्यासारखं.

सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, कुठेकुठे पांगलेलं सगळं गाव कबरींवर दिवे लावायला परत येतं. बोगुमिलनं भागांची चित्रं काढून दफनभूमीच्या फाटकावर चिकटवली. लोकांनी पाहिली, माना हलवल्या आणि आपापल्या बस पकडल्या.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी, त्याच फाटकाशी वूच शहरातला एक बस ड्रायव्हर बोल्ट घेऊन उभा राहिला. आजोबांच्या मधमाश्यांच्या पेटीच्या तळाशी मेणात होता म्हणे. मग ट्रिगर आला, आजीच्या जुन्या कोटाच्या अस्तरात शिवलेला. नेम धरायची मागची माशी एका बाईच्या बटणांच्या डब्यात निघाली, बाईची पोरं त्या तुकड्याशी खेळून मोठी झाली होती. बोगुमिलनं प्रत्येक तुकड्यावर कोरलेला नंबर भिंगाखाली धरला. तीनशे सतरा. तीनशे सतरा. तीनशे सतरा. जर्मनांना असा एक तुकडा सापडला असता तर अख्खं घर गोळीला उभं केलं असतं, आणि या घरांनी ब्र काढला नव्हता. त्याला टोपी काढावीशी वाटली, त्यानं ती काढलीही.

दुपारी काठी टेकत एक म्हातारी आली. तिनं रुमालाची गाठ सोडली. आत तेलानं चमकणारी फायरिंग पिन, गंजाचा ठिपकाही नाही. नंबर तोच.

"अपोलोनिया मावशी?" त्यानं विचारलं. "मग एवढी वर्षं दिली का नाहीत?"

"सेहेचाळीस साली घेऊन आले होते रे. तुझ्या आईनं दार उघडलं नाही. मग दूर ग्दान्स्कला राहायला गेले. दर वर्षी तेल लावत राहिले. पुन्हा कुणी मागितल्याशिवाय कशी देणार?"

बोगुमिलनं पिन घरी नेऊन आईच्या तळहातावर ठेवली. तिनं चष्मा लावून नंबर वाचला, पुसला, पुन्हा वाचला. त्याला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही.

"तिची हाक मी ऐकली होती," ती म्हणाली. "दाराच्या आत, कडीवर हात ठेवून उभी होते."

मग गुडघे दुखतात वगैरे विसरून ती फाटकापर्यंत चालत गेली. अपोलोनिया अजून तिथंच होती.

"फार उशीर केला ना मी, पोला?" आईनं विचारलं.

"माझी बस सहाला आहे," अपोलोनिया म्हणाली.

आईनं तिचा हात धरला आणि ज्यावर वितोल्डचं नुसतं नाव होतं त्या दगडापाशी तिला नेलं. तिथला दिवा आईनं आजवर दुसऱ्या कुणालाही, सख्ख्या मुलालासुद्धा, लावू दिला नव्हता. काडेपेटी तिनं अपोलोनियाच्या हातात दिली.